पीएस फोर निरोपाच्या वाटेवर : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीन, दुरुस्त करतो आणि स्वतः सोनीच्या पीएस फोरवर (प्लेस्टेशन ४) खेळतो. त्यामुळे भुसावळ, चोपडा, धुळे, शहादा, कुठूनकुठून लोक विचारत असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सारखे प्रश्न एकात जोडले, बाकी शब्द विचारणाऱ्यांचेच ठेवले. काही प्रश्न मशीनचे आहेत, काही मनाचे. लोक ते एकाच दमात विचारतात, म्हणून मीही वेगळे केले नाहीत.

१. पीएस फोर बंद झाला म्हणतात. नक्की काय बंद झालं?

कन्सोल एका दिवशी बंद होत नाही. आधी कारखान्यात तो तयार होणं थांबतं, मग नवे गेम आटतात, मग ऑनलाइन सर्व्हर एकेक करून जातात. त्यानंतर कधीतरी स्टोअरची, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाची पाळी येते आणि सगळ्यात शेवटी सुटे भाग मिळेनासे होतात. अमेरिकेत १५ नोव्हेंबर २०१३ ला आणि भारतात जानेवारी २०१४ मध्ये आलेला पीएस फोर आज या रस्त्याच्या मध्यावर आहे. सीलबंद नवा डबा दुकानात दिसत नाही. जानेवारी २०२६ पासून प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या वर्गणीवाल्या सेवेत दरमहा मिळणाऱ्या गेममध्ये पीएस फोरचे गेम क्वचितच असतील, हेही सोनीने आधीच सांगून ठेवलं होतं. पण स्टोअर सुरू आहे, सीडी चालतात, रिमोट (हातात धरून खेळायचा कंट्रोलर) मिळतात. जगभर ११.७ कोटींहून जास्त मशीन विकली गेली आहेत, ती एका रात्रीत गप्प होणार नाहीत.

२. नवे गेम येतात का अजून? जीटीए सिक्स येईल का?

जीटीए सिक्स येणार नाही. तो सोनीचं पुढचं मशीन पीएस फाइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सच्या नव्या पिढीसाठीच जाहीर झाला आहे. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर देताना दर वेळी वाईट वाटतं, कारण विचारणाऱ्याला ते बहुतेक आधीच ठाऊक असतं.

सोनीच्या स्वतःच्या मोठ्या गेमचा काटा २०२२ नंतर फिरला. त्या वर्षी होरायझन फॉरबिडन वेस्ट, ग्रॅन टुरिस्मो ७ आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक हे तिन्ही पीएस फोर आणि फाइव्ह, दोन्ही मशीनवर आले. २०२३ चा स्पायडरमॅन २ मात्र फक्त पीएस फाइव्हवर आला. खेळांचे गेम जरा उशिरापर्यंत साथ देतात. क्रिकेट २४ पीएस फोरवर आहे, फुटबॉलचा एफसी २६ सुद्धा आहे. विकत घेण्याआधी डब्यावर पीएस फोर लिहिलंय ना, एवढं मात्र बघून घ्या.

३. एका मशीनसाठी इतकं वाईट वाटणं बरोबर आहे का? घरचे हसतात.

हसू द्या. ते मशीन घरात कसं आलं होतं ते त्यांनाही आठवत असेल.

जानेवारी २०१४ मध्ये पीएस फोरची किंमत ३९,९९० रुपये होती. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,००० रुपये होता. म्हणजे दहा क्विंटल कापूस. आपल्याकडे ज्या शेतकरी घरात तो डबा आला, तिथे तो एकट्या पोराचा हट्ट म्हणून येणं शक्यच नव्हतं. दहावीच्या टक्क्यांची अट घातली गेली, व्यापाऱ्याकडून पैसे सुटायची वाट बघितली गेली, मामाने वरून थोडे टाकले. बऱ्याच घरांत तर तो चार-पाच वर्षांनी, किंमत उतरल्यावर किंवा सेकंड हँड आला. म्हणून कंपनीच्या हिशेबात त्याचं वय बारा वर्षांचं असलं, तरी आपल्याकडच्या अनेकांसाठी तो अजून नवाच आहे. निरोप लवकर आल्यासारखा वाटतो, तो यामुळे.

त्यात २०२० च्या टाळेबंदीत याच मशीनपुढे बापलेक बसले. एरवी रिमोटला हात न लावणाऱ्या काकांनी फुटबॉल शिकून घेतला. अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी (२०१७) मध्ये पश्चिम घाटातले डोंगर आणि होयसळांच्या खुणा दिसल्यावर, परदेशी गेममध्ये आपला मुलूख बघून पोरं किती हरखली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. या सगळ्याला चिकटलेली माया खरी आहे. तिचा कुणाला हिशेब देऊ नका.

४. पीएस फाइव्ह घरी आला. आनंद झाला, पण जुन्याकडे बघवत नाही. बेइमानी केल्यासारखं वाटतं. असं इतरांनाही होतं का?

होतं, आणि पुष्कळांना होतं. धुळ्याच्या एका वाचकाने लिहिलं होतं की नव्याचं पॅकिंग फोडण्याआधी त्याने जुन्याची धूळ पुसली आणि टीव्हीमागून वायर काढताना हात थांबला. मला यात विचित्र काही वाटत नाही. आनंद आणि हुरहुर दोन्ही एकाच वेळी असू शकतात. एक खरा ठरवायचा म्हणून दुसरा दाबायचं कारण नाही.

व्यवहाराचं सांगायचं तर जुना लगेच हलवू नका. काही दिवस दोन्ही जोडलेले राहू द्या, कारण प्रश्न ७ मधलं काम दोन्ही हाताशी असताना सोपं जातं. ते होईपर्यंत मनही जरा स्थिर होतं.

५. आता पीएस फाइव्ह घेऊ का थांबू?

तुम्हाला खेळायचे गेम फक्त तिथेच येत असतील आणि पैसा बाजूला पडलेला असेल तर घ्या. हप्त्यावर, फक्त "जुना झाला" म्हणून घेऊ नका. पीएस फोरच्या अख्ख्या आयुष्यातले उत्तम गेम आज सेकंड हँड सीडीवर स्वस्तात मिळतात. जीटीए फाइव्ह, २०१८ चा गॉड ऑफ वॉर, स्पायडरमॅनचा पहिला भाग हे ज्याने खेळले नाहीत, त्याच्यासाठी पीएस फोरची खरी मजा अजून बाकी आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा तुमच्या गावातल्या गेम पार्लरवाल्याकडे विचारून बघा. जुन्या सीडी बऱ्याचदा त्यांच्याच खणात पडून असतात.

६. पीएस फोरच्या सीडी फाइव्हवर चालतील का? रिमोट चालेल का?

जवळजवळ सगळ्या चालतात. न चालणारे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि आपल्याकडे खेळले जाणारे त्यात नाहीत. अट एकच, पीएस फाइव्ह सीडी ड्राइव्हवाला हवा. डिजिटल मॉडेल स्वस्त म्हणून घेतलं की घरातल्या सगळ्या सीडी शोभेच्या होतात. २०२३ पासूनच्या स्लिम डिजिटलला आणि पीएस फाइव्ह प्रोला ड्राइव्ह वेगळा आणून जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं.

रिमोटची गंमत अशी की पीएस फोरचा रिमोट पीएस फाइव्हवर चालतो, पण फक्त पीएस फोरचे गेम खेळताना. पीएस फाइव्हच्या गेमला नवाच रिमोट लागतो.

७. गेम जाऊ दे, माझा सेव्ह डेटा कसा वाचवू?

हा प्रश्न विचारणाऱ्याला नेमकं काय जपायचं ते कळलं आहे. गेम पुन्हा मिळतो, सेव्ह, म्हणजे तुम्ही गेममध्ये जे कमावलं-घडवलं त्याची नोंद, पुन्हा मिळत नाही.

पाचोऱ्याहून एक मशीन माझ्याकडे आलं होतं. हार्ड डिस्क अखेरच्या घटका मोजत होती. मालकाने सांगितलं, बाकी काही गेलं तरी चालेल, क्रिकेट १९ मधली टीम वाचवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मामाच्या गावी सगळी भावंडं जमली तेव्हा त्यांनी गेमच्या अकॅडमीत आपल्याच घराण्याचा संघ उभा केला होता. थोरला मामा सलामीला, धाकटा मामा यष्टिरक्षक, गल्लीत फिरकी टाकणारी मावसबहीणसुद्धा होती. प्रत्येकाची उंची, बॅट धरायची पद्धत, मामाच्या मिशा, सगळं तासन् तास बसून जुळवलेलं. डिस्क कुरकुरत असताना तो डेटा पेनड्राइव्हवर उतरला, तेव्हा आम्ही दोघंही एकदम सुटकेचा श्वास घेऊन मोकळे झालो.

तुम्ही ती वेळ येऊ देऊ नका. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून मशीनला लावा. सेटिंग्जमध्ये सेव्ह डेटा व्यवस्थापनाचा पर्याय आहे, तिथून मशीनमधला डेटा यूएसबीवर कॉपी करा. सगळंच्या सगळं उतरवायचं असेल तर सेटिंग्जमधल्या सिस्टीम विभागात बॅकअपचा पर्याय आहे, त्याला मोठी बाहेरची हार्ड डिस्क लागेल. ट्रॉफी, म्हणजे गेममध्ये मिळालेली बक्षिसं, या बॅकअपमध्ये येत नाहीत, त्या आधी ऑनलाइन जाऊन खात्याशी सिंक करा. पीएस फाइव्ह घेतला असेल तर दोन्ही मशीन एकाच वायफायवर किंवा लॅन केबलने जोडून थेट हलवता येतं. केबल लावा, वायफायवर रात्र जाते.

८. स्टोअर बंद पडलं तर पैसे देऊन घेतलेले गेम जातील का?

आजवरचा अनुभव बघू. मार्च २०२१ मध्ये सोनीने पीएस थ्री आणि हातात धरून खेळायच्या व्हिटाचं स्टोअर बंद करायचं जाहीर केलं, लोकांनी ओरड केली आणि एप्रिलमध्ये निर्णय मागे घेतला गेला. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यूचं दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. या दोन्ही ठिकाणी नवी खरेदी थांबली, पण आधी घेतलेले गेम पुन्हा डाउनलोड करायची सोय ठेवली गेली. म्हणजे पहिल्या फटक्यात तुमचे गेम जात नाहीत. ती सोय किती वर्षं राहील याचं लेखी वचन मात्र कुठल्याच कंपनीने दिलेलं नाही.

अपवादही आहेत. पी.टी. नावाचा छोटा भयपट गेम ऑगस्ट २०१४ मध्ये फुकट मिळत होता. एप्रिल २०१५ मध्ये तो स्टोअरवरून काढला आणि ज्यांनी आधी घेतला होता त्यांनाही पुन्हा उतरवता येईना. ज्यांच्या डिस्कवर राहिला त्यांच्याकडेच राहिला. म्हणून जिवाभावाचा डिजिटल गेम आजच उतरवून, त्याचे सगळे अपडेट घेऊन ठेवा. बाहेरची हार्ड डिस्क २५० जीबी ते ८ टीबीपर्यंत चालते, यूएसबी ३.० ची हवी.

९. नेट नसताना सीडी चालेल का? आत सेल असतो तो संपला की मशीन मेलं असं ऐकलंय.

ऐकलं ते एकेकाळी खरं होतं. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो, तो घड्याळ चालू ठेवतो. आधी अशी अडचण होती की हा सेल संपला आणि वेळ जुळवायला प्लेस्टेशनच्या नेटवर्कशी संपर्क झाला नाही, तर सीडीसुद्धा चालत नसे. म्हणजे उद्या सर्व्हर गेले की जगभरचे पीएस फोर एकेक करून मुके होणार, ही भीती खरीच होती. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटमध्ये ती दूर झाली. आता सेल संपलेला असला, नेट नसलं, तरी सीडी चालते.

जुन्या मशीनच्या दीर्घायुष्याबद्दल माझा भरवसा ज्यावर टिकला आहे ती गोष्ट ही. तुमचं मशीन कधीच अपडेट केलं नसेल, चुलत्याच्या कपाटात २०१८ पासून पडून असेल, तर एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर का होईना अपडेट करा. सेलही बदलून घ्या. सेल फार स्वस्त आहे, मजुरी खोलायची पडते.

एक सूचना. काही सीडींवर गेम अर्धाच चांगला असतो, उरलेली दुरुस्ती अपडेटमधून येते. ते अपडेट आता घेऊन ठेवा, कारण तेही सर्व्हरवरूनच येतात.

१०. ऑनलाइन खेळतो ते गेम कधी बंद होणार?

ते प्रत्येक गेमची कंपनी ठरवते. जीटीए ऑनलाइन पीएस थ्रीवर १६ डिसेंबर २०२१ ला बंद झालं, गोष्टीचा भाग चालू राहिला. गेनशिन इम्पॅक्टने पीएस फोरवरची सेवा एप्रिल २०२६ मध्ये थांबवायचं आधीच जाहीर केलं होतं. ऑनलाइन गेममध्ये पैसे टाकण्याआधी त्या गेमची शेवटची घोषणा वाचा. दोन रिमोट लावून एकाच टीव्हीवर खेळता येणारे गेम या भानगडीत येत नाहीत.

११. मे महिन्यात मशीन विमानासारखं ओरडतं आणि बंद पडतं. कूलरसमोर ठेवू का?

नको. कूलरची हवा दमट असते. पंखा ती आत ओढतो, आतली धूळ ओली होऊन चिकटते आणि पुढे गंज धरतो.

सोनीच्या माहितीपुस्तिकेत हे मशीन ५ ते ३५ अंशांत वापरा असं लिहिलं आहे. भुसावळ-जळगावला मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. आपल्याकडचा पीएस फोर दर उन्हाळ्यात कंपनीने आखलेल्या मर्यादेबाहेर चालला आहे आणि तरी इतकी वर्षं टिकला, याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा खेळा. मशीन काचेच्या शोकेसमधून बाहेर काढा, चारही बाजूंनी वीतभर जागा सोडा. साधा टेबलफॅन बाजूने लावला तर चालेल. मशीन गरम झाल्याचा संदेश आला की बंद करा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. इतकं करूनही आवाज येत असेल तर पुढचा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

१२. आतून साफ कसा करायचा? भाऊ म्हणतो व्हॅक्यूम लाव.

व्हॅक्यूम लावू नका. ब्लोअर लावायचा तर लांबून, कमी जोरावर, आणि पंख्याची पाती काडीने धरून. पंखा मोकळा गरगरला की त्याचं बेअरिंग जातं.

आपल्याकडची धूळ वेगळी असते. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच, बऱ्याचदा टीव्हीच्या खोलीत भरलेला असतो. त्याचे तंतू हवेत तरंगतात आणि पंखा ते रात्रंदिवस ओढतो. चोपड्याहून आलेलं एक मशीन उघडलं, तर तांब्या-ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर करड्या रंगाचा थर जमला होता, चांगला दाट, नमद्यासारखा. चिमट्याने एका कडेला धरला तर अख्खा एका तुकड्यात सोलून आला. त्यात सरकीचं टरफलसुद्धा अडकलं होतं. तो काढल्यावर मशीनचा आवाज निम्म्यावर आला.

खोलायला टी-८ किंवा टी-९ प्रकारचा, मधे भोक असलेला ताऱ्याचा स्क्रूड्रायव्हर लागतो. एवढ्या वर्षांत प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती बदला. आधी कधी खोललं नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या, आतल्या पट्टीच्या केबल फार नाजूक असतात. कापूस विकला गेला की, म्हणजे उन्हाळ्याच्या आधी, ही सफाई दर वर्षी करावी.

१३. लाइट सारखी जाते. त्याने खराब होतो का?

होतो. गेम सेव्ह होत असताना वीज गेली की डेटा बिघडू शकतो. रेस्ट मोड (मशीन बंद न होता नुसतं झोपतं ती सोय) बंद ठेवा, खेळून झालं की पूर्ण बंद करा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा तर तो साइन वेव्हचा असावा. पहिल्या जाड मॉडेलची कमाल वीज २५० वॅट आहे, स्लिमची १६५, प्रोची ३१०, त्या हिशेबाने बघा.

वारंवार झटके बसून मशीन अडकत असेल तर बंद करून पॉवरचं बटण सुमारे सात सेकंद, दुसरी बीप येईपर्यंत दाबून धरा. सेफ मोड उघडेल. त्यातला पाचवा पर्याय, रिबिल्ड डेटाबेस, निवडा. याने गेम उडत नाहीत. सहाव्या आणि सातव्याला चुकूनही हात लावू नका, ते सगळं पुसतात. तरी हळूच चालत असेल तर हार्ड डिस्क थकली आहे. अडीच इंची साधी डिस्क असते, तिच्याजागी एसएसडी बसते आणि फरक लगेच जाणवतो. आधी प्रश्न ७ मधलं काम करा.

१४. रिमोट आपोआप एका बाजूला जातो. नवा घेऊ?

आधी स्टिकचा भाग बदलून बघा, तो वेगळा मिळतो आणि बसवून मिळतो. अस्सल रिमोट चांगल्या अवस्थेत असेल तर फेकू नका. पुढे हीच वस्तू सगळ्यात दुर्मीळ होणार, असा माझा अंदाज आहे.

१५. मुलगा पुण्याला नोकरीला लागला. पीएस फोर घरात पडून आहे, जागा अडते. विकून टाकू का? तो काही बोलत नाही.

ताई, त्याला फोन करून विचारा, आणि "विकू का" असं नको, "तुझ्या त्या मशीनचं काय करू" असं विचारा. पोरं पहिल्या प्रश्नाला "विक" म्हणून मोकळी होतात. दुसऱ्या प्रश्नावर थांबतात.

आज त्याला जी किंमत येईल ती मूळ किमतीच्या मानाने फारच थोडी असेल. त्या पैशांवाचून घर अडलेलं नसेल तर ठेवा. कापडात गुंडाळून, कोरड्या जागी, सोबत सगळ्या वायरी आणि रिमोट. रिमोटची बॅटरी पडून पडून मरते, म्हणून अधूनमधून चार्ज करा. मुलगा सुट्टीला आला आणि रात्री आत्येभावाबरोबर पुन्हा खेळत बसला, तर तुम्हालाच बरं वाटेल. जागेचीच अडचण असेल तर नात्यातल्या लहान मुलाला द्या. खेळत्या हातात मशीन जास्त टिकतं.

१६. विकायचं नक्की केलंय. आधी काय करावं?

सेव्ह उतरवा (प्रश्न ७). मग खाते व्यवस्थापनात जाऊन हे मशीन प्रायमरी (तुमच्या खात्याचं मुख्य मशीन) म्हणून निष्क्रिय करा. त्यानंतर पूर्ण इनिशिअलाइझ करा, म्हणजे आतलं सगळं पुसून टाका, झटपट पर्याय घेऊ नका. सीडी ड्राइव्हमध्ये अडकलेली सीडी तपासा, लोक ती हमखास विसरतात.

१७. सेकंड हँड घेतला, दुकानदाराने पंधरा गेम टाकून दिले. आता त्यांच्यावर कुलूप दिसतंय. काय झालं भो?

ते गेम दुसऱ्याच्या खात्यावरचे होते. ज्या मशीनला खातं प्रायमरी म्हणून जोडलेलं असतं, तिथे खात्याचा मालक नसतानाही गेम चालतात. त्याने ते दुसऱ्या मशीनला जोडलं की तुमच्याकडे कुलूप येतं. मशीनमध्ये बिघाड नाही आणि दुरुस्तीने हे सुटत नाही. विकणाऱ्याकडे पैसे परत मागा. पुढच्या वेळी खात्यावरच्या गेमचे वेगळे पैसे देऊ नका. सीडी घ्या, तिचं खात्याशी देणंघेणं नसतं.

१८. आता बंदच होतोय, तर जेलब्रेक करून देता का?

नाही. जेलब्रेक म्हणजे मशीनचं कंपनीने घातलेलं कुलूप तोडणं, आणि चोरीचे गेम मी टाकून देत नाही. मशीन नेटवर्कवरून कायमचं बाद होऊ शकतं, आणि मग प्रश्न ८ मधले तुमचे विकतचे गेमही त्यावर उतरवता येत नाहीत.

१९. माझं पार्लर आहे, चार पीएस फोर. पोरं मोबाइलवर गेली. बंद करू का?

मोबाइलने पार्लरचं गिऱ्हाईक खाल्लं हे खरं आहे. पण मोबाइलवर शेजारी बसून खांद्याला खांदा लावून हरवता येत नाही. तुमच्याकडे येणारा त्यासाठी येतो. म्हणून चारही मशीन फुटबॉल, क्रिकेट आणि मारामारीच्या दोघांच्या गेमवर ठेवा. नव्या गेमचा हट्ट असणाऱ्यांसाठी पुढेमागे एक पीएस फाइव्ह आणा, बाकी तीन बदलू नका. बिघडलेलं एखादं पीएस फोर स्वस्तात मिळालं तर घेऊन ठेवा. पंखा, पॉवर सप्लाय, सीडीचा लेझर, सगळं उरलेल्यांना कामी येतं.

हा धंदा याआधीही एका निरोपातून गेला आहे. पीएस टूचं उत्पादन जानेवारी २०१३ मध्ये, जवळपास तेरा वर्षांनी थांबलं. आपल्याकडच्या छोट्या गावांत त्यानंतरही त्याच्यावर तासाचे पैसे घेऊन पोरं खेळत होती.

२०. पूर्ण मेला. भंगारवाल्याला देऊ?

आधी दुरुस्तीवाल्याला सुट्या भागांसाठी विचारा. तोही नको म्हणाला तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. हार्ड डिस्क मात्र काढून घरी ठेवा.

२१. आम्ही दोघं भाऊ, खातं एकच. मी पुण्यात पीएस फाइव्ह घेतला, धाकटा पारोळ्याला पीएस फोरवर आहे. गेमची वाटणी कशी करायची?

डिजिटल गेमची वाटणी करावीच लागत नाही. एका खात्याला एक प्रायमरी पीएस फोर आणि शिवाय एक पीएस फाइव्ह, दोन्ही जोडता येतात. घरचा पीएस फोर प्रायमरी आहे तसाच राहू द्या. तुमच्या पीएस फाइव्हवर त्याच खात्याने लॉगइन करून कन्सोल शेअरिंग चालू करा. धाकट्याने घरी स्वतःचं वेगळं खातं उघडावं. त्याला तुमचे सगळे पीएस फोरचे गेम त्याच्या नावाने खेळता येतील, तुमच्या सेव्हला धक्का लागणार नाही. तुमचा पासवर्ड त्याने बदलू नये, आणि घरचं मशीन तुम्ही दुरून निष्क्रिय करू नये, एवढं आपसात ठरवून घ्या.

सीडी मात्र एका वेळी एकाच घरात राहणार. तुम्हाला नव्याची ओढ आहे, त्याच्याकडे जुनंच आहे, म्हणून जास्त सीडी त्याच्याकडे ठेवाव्यात असं मला वाटतं. दिवाळीला घरी गेलात की खेळून झालेल्या बदलून घ्या, आणि जाताना पेनड्राइव्ह न्यायला विसरू नका, दोघांनी मिळून खेळलेले जुने सेव्ह अजून त्याच मशीनवर असतील.